दोष कोठे दिसतो, कोठे असतो

जेथे डाग पडला तेथेच दोष आहे असे समजणे, हा मनुष्याच्या मनाचा फार जुना स्वभाव आहे. या स्वभावामुळे न्यायाची किती हानी होते, हे जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या तेलगळतीवरूनही चांगले कळते.

१९६० मध्ये मद्रास येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर आपल्या देशात तयार होऊ लागले. त्यांपैकी तीन सिलिंडरांचे एखादे जुने यंत्र घ्या. ऐन पेरणीच्या दिवसांत एंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली काळे तेल ठिबकू लागते. मालक चालकावर चिडतो. मिस्त्री क्रँकशाफ्टच्या मागील सीलला दोषी ठरवितो. या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नसते. एंजिन व गिअरबॉक्स हाच त्याचा कणा. सील बदलावयाचे तर तो मधोमध दुभागावा लागतो. पैसा जातो तो जातोच, शिवाय वाफसाही हातचा निघून जातो.

परंतु तेलाचा धर्म खाली वाहण्याचा आहे, आणि पुढील पंख्याचा वारा त्यास मागे लोटतो. एंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे पॅकिंग उष्णतेने कडक झाले, तर तेथून पाझरलेले तेल खाली व मागे सरकत त्याच सांध्यापाशी जमते. तेथे दिसते ते गळतीचे अखेरचे ठिकाण, उगम नव्हे.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर नावाची नळी असते. ती मळीने बुजली की आतील दाब वाढतो व धड असलेल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवे सील घातले तरी तेही गळू लागते. ज्याने दाब सोसला त्यालाच शिक्षा झाली. दाबाचे कारण मात्र जागच्या जागी राहिले.

मग निर्णय करावा कसा? आपल्या नैयायिकांनी सांगितलेली अन्वयव्यतिरेकाची रीत येथेही उपयोगी पडते. प्रथम एंजिन धुऊन कोरडे करावे. संशयाच्या जागांवर खडूची भुकटी लावावी. मग एंजिन चालू करून पहिली ओली रेघ कोठे उमटते ते पाहावे. ब्रीदर साफ करताच गळती थांबली, तर कारण सापडले. चालकाने खुणेच्या वर तेल भरले आहे काय, हेही ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, एंजिन थांबल्यावर काही वेळाने मापपट्टी पाहिली की कळते. नोकरास दोष देण्यापूर्वी एवढे कष्ट घेणे हे मालकाचे कर्तव्यच होय.

यावर कोणी म्हणेल, ही तर दोषी सीलची वकिली झाली. तसे नव्हे. सगळे तपासल्यावर सीलच झिजलेले आढळले, तर ट्रॅक्टर दुभागण्यास कचरू नये. क्लचवर तेल उतरले की तो घसरू लागतो व नुकसान वाढत जाते. रोज तेल ओतून वेळ मारून नेणे ही दया नव्हे, आणि बोल्ट अधिकाधिक आवळणे हा न्याय नव्हे. पातळ झाकण अति आवळल्याने वाकते व गळती उलट वाढते.

घरात मुलगा उर्मट बोलतो, संस्थेत कारकून चुकतो, आणि आपण तात्काळ तेथेच बोट ठेवतो. त्याच्यावर कोणता दाब आहे, त्याचा श्वास कोठे कोंडला आहे, हे पाहावयास आपल्याला सवड नसते. शिक्षा देण्याचा अधिकार पुष्कळांना मिळतो. परंतु आधी मळ धुऊन, हातात दिवा घेऊन, पहिली ओली रेघ शोधण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे, त्यालाच तो शोभतो.