गोमाशीचं गोत्र

टिटवाळ्याच्या आसपास कुठल्याही गोठ्यात पावसाळ्यात गाईचं शेपूट उचलून पाहावं. मांडीच्या आतल्या, केस विरळ असलेल्या जागी गोमाश्या दाटीनं बसलेल्या असतात. रंग तपकिरी, त्यावर पिवळट ठिपके, अंग चपटं. हुसकावलं तर उडण्याआधी आडवी पळते, आणि चिमटीत दाबली तरी सहजी मरत नाही. अशीच एक माशी कुत्र्याच्या अंगावर राहते, एक कबुतराच्या पिसांत, आणि वटवाघळांवर तर बिनपंखांच्याही असतात. ही सगळी एकाच कुळातली मंडळी, की रक्त पिण्याच्या धंद्यानं सारखी दिसू लागलेली परकी?

फ्रान्समध्ये रेओम्यूरनं १७४२ साली या माश्यांचं बाळंतपण बारकाईनं नोंदवलं. मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला दुधासारखा स्राव पाजते आणि पूर्ण वाढ झाल्यावरच बाहेर टाकते. पांढरा गोळा थोड्याच वेळात काळा, कडक होतो, अगदी उडदाच्या दाण्यासारखा. लिनियसनं १७५८ साली घोड्यावरची पंखवाली आणि मेंढीवरची बिनपंखी माशी एकाच वंशात (जीनसमध्ये) घातली. पंखांना तो फसला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे लात्रेयनं या जन्मपद्धतीवरूनच त्यांचा ‘प्युपिपारा’ हा गट बांधला.

डार्विननंतर मात्र वर्गीकरणाची कसोटी बदलली. साम्य दाखवून भागेना, समान पूर्वज दाखवावा लागे. चपटं अंग, वाकड्या नख्या, गळालेले पंख ही परजीवी जगण्याची गरज, ती वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणेही येऊ शकते. मग बाळंतपणाची रीत तरी पुरावा कशी मानायची? शंका रास्त होती. त्यातच आफ्रिकेतली त्सेत्से माशी, अंगानं अजिबात चपटी नसलेली, तीही अळीच जन्माला घालते.

२००७ साली पीटरसन आणि सहकाऱ्यांनी चार जनुकीय खुणा वापरून वंशवृक्ष मांडला. त्सेत्सेसकट सगळ्या एकाच वंशाच्या निघाल्या, आणि त्सेत्सेची फांदी आधी वेगळी झालेली. वटवाघळांवरच्या माश्यांचं ‘स्ट्रेब्लिडी’ हे कुळ मात्र एकसंध ठरलं नाही. पण बाळंतपणाच्या ज्या रीतीवर संशय घेतला, तीच खरा वारसा निघाली.

गोठेवाल्याला यातून काय, असं कुणी विचारेल. घरमाशी शेणात अंडी घालते, म्हणून शेण वेळच्या वेळी उचललं की ती कमी होते. गोमाशीला हा उपाय पुरत नाही, कारण तिचे काळे दाणे भिंतींच्या भेगांत आणि कोरड्या मातीत असतात. तिथे भेगा लिंपाव्या लागतात. शिवाय एका वेळी एकच अळी, म्हणजे संख्या सावकाश वाढते. याच दुबळेपणावर बोट ठेवून, वंध्य केलेले नर सोडून, झांझिबारच्या उंगुजा बेटावरून १९९० च्या दशकात त्सेत्सेचं उच्चाटन झालं.