शक्ती की सामग्री?

कारण समोर असूनही कार्य घडत नाही, तेव्हा नेमके काय उणे असते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी अग्नी आणि मणी यांच्या दृष्टान्तावर पारखून पाहिला आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला की धगधगता अग्नीही जाळत नाही आणि मणी दूर नेताच तो पुन्हा जाळू लागतो, असे धरून चालल्यास अग्नीचे रूप न पालटता दाह थांबतो. म्हणून अग्नीत डोळ्यांना न दिसणारी ‘शक्ती’ मानावी लागते व मण्याने ती कुंठित होते, असे मीमांसक म्हणतात. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे मत खोडले. नैयायिकांच्या मते कार्य ‘सामग्री’तून, म्हणजे सर्व आवश्यक कारणे एकत्र आल्याने घडते, आणि ‘प्रतिबंधकाभाव’, म्हणजे अडथळा नसणे, हेही त्या सामग्रीतलेच एक कारण होय.

या वादाचे मोल कळंबोलीजवळच्या पनवेल खाडीसारख्या भरती-ओहोटीच्या पाण्यात चांगले कळते, कारण तेथे पाणी उतरण्याआधी होडी निघाली नाही तर ती चिखलात बसते. गार पहाटे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या पाठीमागे बसवलेले व पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारे यंत्र, कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही, तेव्हा ‘इंजिनात दमच उरला नाही’ हा निष्कर्ष सहज तोंडी येतो. तो नकळत मीमांसकांचा निष्कर्ष असतो.

नैयायिकाची वाट ‘अन्वय-व्यतिरेका’ची आहे: एक गोष्ट असता कार्य होते आणि ती नसता होत नाही, हे बाकी सारे तसेच ठेवून पाहणे. थंडीत पेट्रोलाची वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवा रोखतात व मिश्रण दाट करतात. तरीही इंजिन मुके राहिले तर ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, म्हणून नळी, हाताने दाबायचा रबरी पंप आणि शिळ्या पेट्रोलाच्या चिकट थराने बुजलेले कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तपासावे लागते. ठिणगी पडते की नाही, हे वेगळे पाहावे लागते. प्लग पेट्रोलाने निथळत असेल, तर मात्र दृष्टान्तातला मणीच हाती लागतो: ज्याच्यावाचून ज्वलन नाही ते पेट्रोलच अति झाल्याने प्रतिबंधक बनलेले असते. अशा वेळी चोक परत ढकलून हवा मोकळी करणे, प्लग पुसणे, वाळवणे हेच मणी दूर नेणे होय.

पिस्टनच्या रिंगा झिजून दाब उतरला असेल, तर ती शक्तीची हानी नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु झीज ही अदृश्य नसते. दाब मोजता येतो, रिंग बदलता येते, म्हणजे सामग्रीतले उणे अंग बोटाने दाखवता येते. उलट प्लग, पेट्रोल आणि जेट एकाच वेळी बदलून इंजिन सुरू झाले, तर होडी निघेल, पण कारणाचे ज्ञान होणार नाही आणि पुढच्या गार पहाटे सारी धडपड मुळापासून करावी लागेल. ‘शक्ती गेली’ असे म्हटले की हात थांबतो. ‘सामग्रीत काय उणे आहे’ असे विचारले की तोच हात प्लगपाशी जातो, आणि कार्यकारणविचाराचे खरे प्रयोजनही हेच आहे.