सारथ्याचे आसन

रथामध्ये दोन आसने असतात. एक रथीचे आणि दुसरे सारथ्याचे. रथीचे आसन उंच असते. त्याच्यामागे ध्वज फडकत असतो, विजयाचे वर्णन त्याच्या नावाने होते. सारथी त्याच्या पुढे, पण खालच्या पायरीवर बसतो. शत्रूचे बाण प्रथम त्याच्या अंगावर येतात, घोड्यांच्या टापांची धूळ त्याच्या मुखावर बसते आणि जयघोषात त्याचे नाव क्वचितच येते. कुरुक्षेत्रावर ज्यांना कोणतेही आसन मिळाले असते, त्या भगवंतांनी अर्जुनाच्या विनंतीवरून हे दुसरे आसन स्वीकारले. गीतेचा उपदेश सिंहासनावरून झालेला नाही, तो सारथ्याच्या आसनावरून झाला आहे. गीता वाचणाऱ्याने आरंभीच ही गोष्ट ध्यानी घेतली तर पुढील अठरा अध्यायांचा अर्थ लावणे पुष्कळ सुकर होते.

ही निवड एका प्रसंगापुरती नव्हती. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात प्रत्येकाने आपापले काम वाटून घेतले, तेव्हा आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णांनी स्वतःकडे घेतले, असे महाभारत सांगते. आणि त्याच यज्ञात अग्रपूजेचा मान कोणाला द्यावा असा प्रश्न निघाला, तेव्हा भीष्मांनी त्यांचेच नाव घेतले. ज्याने सर्वांचे पाय धुतले, त्याचीच सर्वांआधी पूजा झाली. शिशुपालाला हा मान सहन झाला नाही. मोठेपण उंच आसनावरच बसलेले असते, अशी त्याची समजूत होती. पुढे युद्धात जयद्रथवधाच्या दिवशी घोडे बाणांनी विंधले गेले व तहानेने व्याकुळ झाले, तेव्हा भर रणात ते सोडून, त्यांच्या अंगातील शल्ये काढून, त्यांना चोळून, पाणी पाजून पुन्हा जुंपण्याचे कामही भगवंतांनीच केले. तत्त्वज्ञान सांगणारे मुख आणि घोड्याला खरारा करणारे हात एकाचेच होते.

तिसऱ्या अध्यायात भगवंत या आचरणाचे कारण सांगतात. तिन्ही लोकांत आपल्याला मिळवावयाचे असे काही उरलेले नाही, तरीही आपण कर्म करीत राहतो. कारण आपण हात आखडला तर लोकही तीच वाट धरतील, असा त्यांचा आशय आहे. जनकादिकांचे उदाहरण देऊन ज्या हेतूसाठी कर्म करावयास ते सांगतात, त्याला गीतेने ‘लोकसंग्रह’ असे नाव दिले आहे. या शब्दाचा अर्थ पुष्कळदा उथळपणे केला जातो. आपल्याभोवती लोक गोळा करणे म्हणजे लोकसंग्रह नव्हे. संग्रह म्हणजे नीट धरून ठेवणे, विस्कटू न देणे. लोक आपल्याकडे यावेत हा हेतू असेल तर ती लोकैषणा होय. लोक आपापल्या धर्मावर स्थिर राहावेत, मग आपले नाव राहो वा न राहो, हा हेतू असेल तर तो लोकसंग्रह होय.

येथे एखादा गृहस्थाश्रमी अशी शंका घेईल की, जनक राजा होता, श्रीकृष्ण तर साक्षात् परमेश्वर. ज्याच्यामागे सैन्य नाही, संपत्ती नाही, त्याने पुढारीपणाचा विचार कशाला करावा? समाधान असे की, ज्याच्याकडे पाहून एक तरी मनुष्य वागतो, तो तेवढ्यापुरता पुढारीच आहे. बाप मुलांचा, थोरली जाऊ धाकटीची, शिक्षक वर्गाचा, मुकादम आपल्या टोळीचा पुढारी असतो. पुढारीपण कोणालाच चुकत नाही. ते रथीच्या गर्वाने करावयाचे की सारथ्याच्या सावधपणाने, एवढेच प्रत्येकाच्या हाती आहे.

नर्मदातीरी वसलेल्या जबलपूर नगरात या विचाराची एक जुनी खूण आहे. सोळाव्या शतकात हा प्रदेश गढ्याच्या गोंड राज्यात होता. राजा दलपतशहाच्या मृत्यूनंतर राणी दुर्गावतीने अल्पवयीन पुत्र वीरनारायण याच्या नावाने राज्य सांभाळले आणि 1564 साली मोगल सेनेशी लढताना तिने देह ठेवला. तिच्या पराक्रमाची कथा सर्वत्र गाईली जाते. पण जबलपुरात तिची आठवण पाण्याच्या रूपानेही आहे. परंपरा अशी सांगते की, राणीने प्रजेसाठी तलाव बांधला तो राणीताल. ते पाहून तिच्या दासीने बांधविला तो चेरीताल. आणि मंत्री आधारसिंह याच्या नावाचा तो आधारताल. राणीच्या नावाशेजारी तिच्या दासीचे नाव नगराने शतकानुशतके जपले आहे. खऱ्या पुढाऱ्याची ओळख अशी असते. त्याचे काम पाहून इतरांची मान खाली जात नाही, उलट त्यांचे हात कामाला लागतात.

याच नगराशी ज्यांच्या आयुष्याचे एक मोठे कार्य निगडित आहे, त्या पंडित माधवराव सप्रे यांचे चरित्र या दृष्टीने प्रत्येक गीताप्रेमी गृहस्थाने मनन करावे असे आहे. दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी 19 जून 1871 रोजी एका महाराष्ट्रीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट न धरता 1900 साली त्यांनी पेंड्र्यासारख्या आडवळणाच्या गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. घरची भाषा मराठी, पण ज्या लोकांत राहावयाचे त्यांची भाषा हिंदी. म्हणून आयुष्यभर लेखणी हिंदीच्या सेवेला लावली. मासिक तीनच वर्षे चालले. तथापि त्यात 1901 साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत आजही गणली जाते.

त्या कथेत एक जमीनदार एका अनाथ विधवेची झोपडी हिरावून घेतो. ती चुलीसाठी त्या जागेतील टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागण्यास त्यालाच विनविते. टोपली काही केल्या हलत नाही. तेव्हा ती त्याला विचारते की, एका टोपलीचा भार आपल्याला पेलत नाही, मग या साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलाल? जमीनदाराचे डोळे उघडतात व तो झोपडी परत करतो. अधिकार हा भार आहे, भोग नव्हे, हे तत्त्व लेखकाने तिशीतच लिहून ठेवले होते. परंतु लिहिलेले तत्त्व स्वतःच्या खांद्यावर घेण्याची वेळ पुढे यावयाची होती.

1907 साली सप्रे यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला आणि लोकमान्यांचा विचार हिंदी भाषिकांच्या दारी नेला. जुलै 1908 मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. घरच्या वडीलधाऱ्यांचा अनिवार आग्रह झाला, कुटुंबाचे रडणे कानी आले, आणि त्यांनी माफी लिहून देऊन सुटका करून घेतली.

हा प्रसंग झाकून ठेवण्यात काही स्वारस्य नाही. अर्जुनाचे धनुष्य शत्रूच्या भयाने गळले नव्हते, स्वजनांच्या मोहाने गळले होते. सप्रे यांची लेखणीही तशीच गळली. गृहस्थाला हा मोह परका नाही. पण ज्याने सहस्रावधी लोकांना निर्भय होण्यास सांगितले, त्याच्याच हातून असे घडावे, याचे शल्य किती खोल गेले असेल! अशा वेळी मनुष्यापुढे सामान्यतः दोन वाटा असतात. एक, आपल्या कृत्याचे समर्थन करीत पूर्वीचे आसन धरून ठेवावे. दुसरी, निराश होऊन कामच सोडावे. पहिलीत दंभ आहे, दुसरीत विषाद आहे. सप्रे यांनी तिसरी वाट धरली.

ते वर्ध्यानजीकच्या रामदासी सत्पुरुषांच्या सहवासात गेले. तेथे मधुकरी मागून राहून त्यांनी प्रायश्चित्त केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या हातांनी अग्रलेख लिहिले, ते हात झोळी धरून परक्याच्या दारी उभे राहिले. या साधनेतून त्यांनी श्रीसमर्थांच्या ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद सिद्ध केला. पुढे लोकमान्य 1914 साली मंडालेहून सुटून आले, 1915 साली ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले, आणि ते हिंदीत नेण्याची सेवाही सप्रे यांच्याकडे आली. ज्याने माफी मागितली नाही त्याने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, ज्याने माफी मागितली होती त्याने ओळीओळीने आपल्या हाताने पुन्हा लिहिला. कर्मयोगाचे ते शेकडो पृष्ठांचे विवेचन भाषांतरित करताना प्रत्येक पानावर स्वतःच्या उणिवेशी गाठ पडत असेल. तरी लेखणी थांबली नाही. त्यानंतर चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचाही अनुवाद त्यांनी केला.

अनुवाद हे सारथ्याचेच कर्म आहे. अर्थ मूळ ग्रंथकाराचा, कीर्ती त्याची. अनुवादकाने मात्र लगाम सावधपणे धरावयाचा, रथ खड्ड्यात जाऊ द्यावयाचा नाही, आणि मुक्कामी पोचल्यावर बाजूला व्हावयाचे. आपले वाक्य मिरविण्याची इच्छा झाली की अनुवाद बिघडतो. वर्षानुवर्षे हे व्रत चालविणाऱ्या मनुष्याचा अहंकार हळूहळू झिजत जातो, आणि त्या जागी दुसऱ्याला पुढे करण्याचे सामर्थ्य उत्पन्न होते.

ते सामर्थ्य जबलपुरात दिसून आले. 17 जानेवारी 1920 रोजी तेथून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत सप्रे यांचा मोठा वाटा होता. त्यांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस. अनुभव, विद्वत्ता, परिचय सारे होते. तरी संपादकाच्या आसनावर बसले ते तिशीतील माखनलाल चतुर्वेदी. पुढच्याच वर्षी चतुर्वेदी यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला व ते बिलासपूरच्या तुरुंगात गेले. त्यांनी माफी मागितली नाही. जेथे वडिलाचा पाय घसरला होता, तेथे धाकट्याचा पाय स्थिर राहिला. आणि त्याला तेथवर नेणाऱ्यांत तो वडीलही होता. ज्याने आपल्या पडण्याची जागा ओळखली आणि त्या जागी दुसऱ्यासाठी पायरी घातली, त्याचे पडणेही लोकसंग्रहाच्या कामी आले असेच म्हटले पाहिजे.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांचे एक मोठे आश्वासन आहे. ज्याचा निश्चय नीट झाला, तो पूर्वी कसाही वागला असला तरी त्याला साधूच समजावे, तो शीघ्र धर्मात्मा होतो, असा त्याचा आशय. या आश्वासनाचा आधार घेऊन स्वस्थ बसणारे पुष्कळ असतात. परंतु तेथे निश्चयाला महत्त्व आहे, आणि निश्चय कर्मात उतरतो तेव्हाच खरा. सप्रे यांनी रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली, 1921 साली तेथेच राष्ट्रीय विद्यालय उभारले. 1924 साली डेहराडून येथे हिंदी साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्षपद दिले. राजसूयातील अग्रपूजेसारखाच हा मान न मागता आला. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात त्यांनी देह ठेवला.

आता आणखी एक सूक्ष्म शंका उरते. सेवा हीसुद्धा कीर्तीची वाट होऊ शकते; ‘मी किती मागे राहतो’ हे दाखविण्यासाठी मागे राहणारेही असतात. मग खरी सेवा ओळखावी कशी? कसोटी सोपी आहे, उतरणे कठीण आहे. आपण कष्ट केले आणि यश दुसऱ्याच्या नावावर जमा झाले, अशा दिवशी रात्री अंथरुणावर पाठ टेकताना मनात काय येते ते पाहावे. तेथे जळजळ असेल तर अजून रथीच्या आसनाची ओढ आहे. काम झाले याचे समाधान असेल तर लगाम योग्य हाती आहे.

गृहस्थाने याचा आरंभ घरातूनच करावा. मुलाला सचोटी शिकविणाऱ्या बापाने प्रथम दुकानाचे वजनमाप तपासावे. घरातील कर्त्या पुरुषाने आठवड्यातून एकदा तरी सर्वांची ताटे वाढून शेवटी जेवावे. कार्यालयातील वरिष्ठाने हाताखालच्या माणसाचे चांगले काम चारचौघांत त्याच्या नावाने सांगावे आणि चूक झाली असता ती प्रथम आपल्या नावे लिहावी. आणि ज्याच्या हातून पूर्वी एखादे मोठे चुकले आहे, त्याने ते मनात कुरवाळीत न बसता, त्याच ठिकाणी पुढच्याचा पाय घसरू नये यासाठी आज काय करता येईल ते पाहावे.

‘माझ्या जीविताचे प्रयोजन काय’ असा प्रश्न पुष्कळांना छळतो, आणि ते त्याचे उत्तर आकाशात शोधतात. अठराव्या अध्यायात भगवंत त्याला खाली भूमीवर आणतात. ज्याच्यापासून हे सर्व निर्माण झाले त्याची पूजा आपल्या वाट्याच्या कर्मानेच करावी, त्यातच सिद्धी आहे, असा तेथील बोध आहे. सप्रे यांना जीविताचे प्रयोजन गवसले ते नाव गाजत असताना नव्हे. नाव बुडाल्यावर, दुसऱ्याचे वाक्य आपल्या अक्षरात उतरविताना गवसले. सारथ्याचे आसन प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक गावात रिकामे आहे. तेथे बसण्यास निवडणूक लागत नाही. घोडे तहानलेले आहेत. उतरून त्यांना पाणी दाखवावे, एवढेच.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥