अन्न आणि नांव

भुकेल्या मुलाच्या मुखीं घांस घातला, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें आपण सामान्यतः समजतों. ही समजूत किती अपुरी आहे, हें आर्मेनियन लोकांच्या इतिहासावरून दिसून येईल.

इ. स. १९१५ मध्यें ऑटोमन साम्राज्यांत या प्राचीन ख्रिस्ती समाजाची हद्दपारी व कत्तल सुरू झाली, आणि असंख्य मुलें पोरकीं झालीं. त्यांपैकीं कांहीं शेंकडे मुलें लेबाननमधील आंतूरा येथें जमाल पाशानें स्थापिलेल्या अनाथालयांत ठेविलीं होतीं. तेथें निवारा होता, थोडेंबहुत अन्नही होतें. परंतु मुलांचीं मूळ नांवें काढून त्यांस तुर्की नांवें व क्रमांक देण्यांत आले, आणि मातृभाषा बोलणारास शिक्षा होई. देह राखून मूल पुसून टाकण्याचाच हा प्रकार होय.

महायुद्ध संपल्यावर हें अनाथालय अमेरिकन मदतसंस्थेच्या हातीं आलें, व मुलांना आपलीं नांवें परत मिळालीं. ही संस्था पुढें 'नियर ईस्ट रिलीफ' या नांवानें प्रसिद्ध झाली. तिला चर्चमधून व रविवारच्या शाळांतून मोठें साह्य मिळे. १९२३ पासून वर्षांतील एका रविवारीं अनेक कुटुंबें अनाथांसारखें साधें जेवण जेवून वांचलेला पैसा तिला देत.

मग धर्मसंस्थेचें दान सर्वथा निर्दोष म्हणावें काय? तसें म्हणवत नाहीं. अमेरिकन मिशनरी या लोकांत प्रथम आले ते प्रचारक म्हणून. त्या प्रचारांतूनच १८४६ सालीं आर्मेनियन लोकांत निराळें प्रॉटेस्टंट चर्च निघालें. तेव्हां अन्नामागून पंथही येईल अशी शंका कोणास आली, तर ती निराधार ठरत नाहीं. श्रद्धेनें देणाऱ्याच्या हातास बळ द्यावें. घेणाऱ्याच्या कपाळीं शिक्का मारूं नये.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्यें नागोर्नो-काराबाखमधून लाखाहून अधिक आर्मेनियन थोड्याच दिवसांत परागंदा होऊन आर्मेनियांत आले, व चर्चशीं निगडित संस्थाही त्यांच्या साह्यास धांवल्या. या खेपेस बहुतेक मुलें आईबापांसह आलीं होतीं. अशा वेळीं घरभाड्यास मदत, बापाला काम आणि मुलाला शाळा देणें हें अनाथालय काढण्याहून श्रेष्ठ होय; कारण त्यायोगें मूल दात्याचें न होतां आपल्या आईबापांचेंच राहतें. ज्या दानानें घेणाऱ्यास आपलें नांव मान वर करून सांगतां येतें, तेंच खरें दान.