चापावरचं बोट कुणाचं?

पेडणे तालुक्यात पत्रादेवीजवळ मुंबई-गोवा महामार्ग गोव्यात शिरतो. तिथल्या हुतात्मा स्मारकावरून रोज शेकडो गाड्या भरधाव निघून जातात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच सीमेवरून निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन आत निघाले होते आणि समोर पोर्तुगीजांच्या बंदुका रोखलेल्या होत्या. मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन आघाडीला होत्या. त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नेलसिंग बेनिपाल पुढे सरसावला आणि जागीच कोसळला. त्याच दिवशी तेरेखोलला हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना मरण आलं. सगळ्या सीमांवर मिळून वीसहून अधिक सत्याग्रही त्या एका दिवसात मारले गेले.

मेलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली. गोळ्या झाडणाऱ्यांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत. लिस्बनमध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने धोरण ठरवलं, गोव्यात अधिकाऱ्याने हुकूम सोडला, सीमेवर शिपायाने चाप ओढला. मग कर्नेलसिंगच्या मृत्यूचा कर्ता यांतला कोण? धर्मशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. पण तो इतक्या उघड्यावर, इतक्या थोड्या अंतरावरून क्वचितच विचारला गेला असेल.

इथे अंतराला मोल आहे. तोफ डागणाऱ्याला गोळा कुणावर पडला ते दिसत नाही. रायफलवाल्यालाही माणूस लांबून दिसतो. पिस्तूल आणि कार्बाइन ही मात्र जवळून चालवायची हत्यारं. भारतीय सैन्याने अनेक दशकं वापरलेली नऊ मिलिमीटरची कार्बाइन घ्या. डाव्या अंगाला आडवं बसवलेलं ३४ गोळ्यांचं मॅगझिन, मिनिटाला साधारण साडेपाचशे गोळ्यांचा वेग. बोट चापावर दाबून ठेवलं तर चार सेकंदांच्या आत मॅगझिन रिकामं होतं. म्हणून तिच्यावर एक छोटा खटका असतो: बंद, एकेक गोळी, किंवा सलग मारा. हा खटका कारखान्यात बसवला जातो, पण तो कुठे ठेवायचा हे समोरच्याचा चेहरा दिसत असताना ज्याच्या हातात बंदूक आहे त्यालाच ठरवावं लागतं.

अर्जुनाची अडचणही चेहरे दिसल्यावरच सुरू झाली होती. रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेऊन उभा केल्यावर त्याचं गांडीव गळालं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबा अर्जुनाला सहजासहजी सोडत नाहीत. अर्जुन काही अहिंसक नव्हता, त्याने आधी कितीतरी लढाया मारल्या होत्या. समोर आपलेच लोक दिसले तेव्हा मात्र त्याला हिंसेचं पाप आठवलं. आयुष्यभर फाशीच्या शिक्षा देणाऱ्या आणि स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आल्यावर फाशी अमानुष असल्याचं सुचणाऱ्या न्यायाधीशाचा दाखला ते देतात. पत्रादेवीच्या शिपायाला हा दाखला उलट्या बाजूने लागू पडतो. त्याच्यासमोरचे लोक परके होते, म्हणून त्याला काहीच आठवलं नाही. दया आपल्या माणसांपुरतीच असेल तर तो मोह, असं विनोबांचं म्हणणं. त्याचीच दुसरी बाजू अशी की, परक्याचा चेहरा पाहून हात थबकला तर तिथे धर्म सुरू होतो.

गीतेतली निमित्तमात्र होण्याची शिकवण शिपायाच्या मदतीला हमखास आणली जाते. करविता दुसराच, आपण नुसतं साधन. पण ती शिकवण ज्याला मिळाली तो अठरा अध्याय वाद घालत होता, आणि शेवटी नीट विचार करून हवं ते कर, असंच त्याला सांगितलं गेलं. प्रश्न विचारायच्या आधीच जो स्वतःला साधन म्हणवून घेतो, त्याला त्या शिकवणीचा आधार कसा मिळेल?

गोव्याच्या लढ्यात या प्रश्नाला दोन मराठी उत्तरं मिळाली. सेनापती बापटांनी तरुणपणी पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवली होती. पुढे मुळशीचा सत्याग्रह त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्यासोबत ते गोव्यात शिरले तेव्हा त्यांचं वय ७४ होतं आणि हातात शस्त्र नव्हतं. दुसरं उत्तर मोहन रानड्यांचं. सांगलीचा हा तरुण सावई-वेऱ्याला शिक्षक म्हणून राहिला, आझाद गोमंतक दलात गेला आणि पोलीस चौक्यांवरच्या सशस्त्र हल्ल्यांत उतरला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात तो गोळी लागून पकडला गेला. २६ वर्षांची शिक्षा झाली, लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात रवानगी झाली आणि सुटका थेट १९६९ मध्ये. बापटांनी शस्त्र ठेवलं आणि रानड्यांनी उचललं, तरी दोघांत एक गोष्ट सारखी आहे. हे मी केलं, असं दोघांनीही उघडपणे म्हटलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

केल्याची कबुली देण्याची ही रीत गोव्याच्या लोकधर्मातही सापडते. डिचोली, पेडणे, सत्तरीच्या लोकधर्मात शस्त्राचं स्थान मोठं आहे. शिगम्यात घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला मुंडासं, उजव्या हातात नंगी तलवार आणि ढोल-ताशांवर पडणारी पावलं. हे शौर्याचं पूजन झालं. पण डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, झर्मे गावी, त्याच शिगम्यात चोरोत्सवही होतो. गावकऱ्यांनी चोर समजून मारलेली माणसं निरपराध होती, असं तिथली लोककथा सांगते. त्या चुकीची आठवण म्हणून आजही काही जण स्वतःला मातीत पुरून घेतात आणि सारा गाव ते पाहायला जमतो. ज्या हातांनी मारलं त्यांच्या वंशजांनी गुन्हा विसरायचा नाही, उलट दरवर्षी तो सगळ्यांसमोर मांडायचा. शस्त्राचा विचार करताना घोडेमोडणीच्या शेजारी हा उत्सव ठेवल्याशिवाय इथला धर्म पुरता कळत नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये भारताने अखेर सैन्य धाडलं. ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गाकडून डिचोली तालुक्यातून पुढे सरकली. तिच्यात मराठा जवानांची दुसरी पॅरा बटालियनही होती. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या देशाने बळ वापरलं, अशी टीका पाश्चात्त्य राजधान्यांतून झाली. ती उडवून लावण्यासारखी नव्हती, पण चौदा वर्षांच्या बोलण्यांतून काय निष्पन्न झालं होतं, याचं उत्तर टीकाकारांकडेही नव्हतं. दीड दिवसाच्या मोहिमेत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५० जण मेले. हा आकडा एवढ्यावर थांबला, त्याचं एक कारण पोर्तुगीज गव्हर्नर जनरलच्या निर्णयात आहे.

१४ डिसेंबरला सालाझारने या गव्हर्नर जनरलना, मान्वेल आंतोनियो वासालो इ सिल्वा यांना, संदेश पाठवला. युद्धबंदी नाही, कैदीही नाहीत. सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील, असा त्याचा अर्थ होता. वासालो इ सिल्वा यांच्याकडे तीन हजारांवर माणसं होती. नाव घेण्यासारखं विमानदळ नव्हतं आणि मदत येण्याची आशाही नव्हती. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकण्यात आलं. सालाझारची राजवट १९७४ मध्ये उलथल्यावर त्यांचं पद परत मिळालं आणि १९८० मध्ये ते गोव्यात येऊनही गेले. त्याच राजवटीने दुसऱ्या तऱ्हेचा माणूसही घडवला होता. स्वातंत्र्यसैनिकांच्या छळाबद्दल गोव्यात कुप्रसिद्ध असलेला पोलीस अधिकारी काझिमिरो मोंतेरो पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला. सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांची १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेवर हत्या झाली, त्या पथकात तो होता. हुकूम देणारी राजवट एकच, पण ही दोन माणसं तिच्या हुकमाला दोन वेगळ्या तऱ्हेने सामोरी गेली. तेव्हा हुकमापुढे माणसाचं काहीच चालत नाही, हे म्हणणं इथे टिकत नाही.

आज भारतीय सैन्याच्या हाती ‘अस्मी’ नावाचं नवं मशीन पिस्तूल आलं आहे. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेच्या साथीने ते चार महिन्यांत तयार केलं आणि २०२१ च्या जानेवारीत ते देशासमोर आलं. जुन्या कार्बाइनपेक्षा हलकं, आणि तेही नऊ मिलिमीटरचंच, म्हणजे जवळूनच मारा करणारं. दसऱ्याला पलटणींत शस्त्रपूजन होतं, तेव्हा अशा हत्यारांनाही हळद-कुंकू लागतं, फूल वाहिलं जातं. पलटणीचे धर्मगुरू मंत्र म्हणतात.

त्या पूजेत आणखी एका गोष्टीला जागा मिळायला हवी. १९५० चा आर्मी अॅक्ट हुकूम मोडणाऱ्याला कडक शिक्षा सांगतो, पण तिथे शब्द आहेत ‘कायदेशीर हुकूम’. म्हणजे हुकूम कायदेशीर आहे का, हे पाहण्याचा भार कायद्यानेच जवानावर टाकला आहे. गोळीबाराचा सराव त्याला चांदमारीवर मिळतो, नकार देण्याचा सराव कुठे मिळणार? तो पलटणीच्या धर्मगुरूकडून मिळू शकतो. गीतेतून, बायबलमधून, कुराणातून, गुरुवाणीतून, ज्याच्या त्याच्या श्रद्धेच्या भाषेत. पत्रादेवीच्या स्मारकावर शाळेतली मुलं येतात, तेव्हा त्यांनाही कर्नेलसिंगच्या बलिदानाबरोबर समोरच्या शिपायाबद्दल विचारावं: त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? उद्याच्या जवानांतले काही त्याच मुलांतून येणार आहेत.