असंतोष आणि अविश्वास

राजकारणाविषयीं लोकांत असंतोष वाढत आहे, अशी तक्रार नित्य कानीं येते. आणि लोकांचा लोकशाहीवरील विश्वासच उडाला, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यांत येतो. आमच्या मतें येथें दोन भिन्न मनोवृत्तींची गल्लत होत आहे. असंतोष कारभाराविषयीं असतो; अविश्वास हा कारभार सुधारण्याच्या मार्गाविषयींच असतो.

१९७७ सालचें उदाहरण घ्यावें. आणीबाणीच्या कारभाराविषयीं, विशेषतः उत्तर भारतांत, मोठा संताप होता; परंतु आपल्या मतानें सरकार पालटतां येतें, ही श्रद्धा ढळली नव्हती. लोकांनीं सरकार पालटलें. नव्यानें निराशा केली तेव्हां १९८० सालीं त्याच मताच्या बळावर इंदिरा गांधींस परत आणलें. हे लोक संतुष्ट खास नव्हते. पण विश्वासहीन होते, असें कोण म्हणेल?

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें २०१३ पासून मतयंत्रावर ‘नोटा’ हें नकाराचें बटण आलें. २०१९ च्या विधानसभा निवडणुकींत लातूर ग्रामीण व पलूस-कडेगांव या मतदारसंघांत त्यास दुसऱ्या क्रमांकाचीं मतें पडलीं. या नकारानें कोणी उमेदवार पडत नाहीं. तरीही जो रांगेंत उभा राहून तो नोंदवितो, त्यास आपला नकार निदान प्रामाणिकपणें मोजला जाईल, इतका भरंवसा असतोच.

मग विश्वास जातो कशानें? मोजून झालेल्या मताचा अर्थ मागाहून बदलल्यानें. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ सालीं झाला, २००३ सालीं तो कडक करण्यांत आला. तरी २०२२ व २०२३ या लागोपाठच्या वर्षीं महाराष्ट्रानें दोन पक्ष दुभंगलेले पाहिले. त्यांत न्याय्य बाजू कोणाची, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. ज्यानें मत दिलें त्यास मात्र कोणीं विचारलें नाहीं, एवढें खरें.

राज्यकर्त्यांनीं असंतोषास भिऊं नये. असंतुष्ट नागरिक हा सावकारासारखा असतो. तो रोज दारांत येऊन तगादा लावतो, कारण येणें वसूल होईल अशी त्यास आशा असते. ज्या दिवशीं तगादा थांबेल, त्या दिवशीं ऋणकोनें सुटलों म्हणून आनंद मानूं नये. आपलें खातें बुडीत लिहिलें गेलें, असें समजावें.