अंगठा

‘अंगठेबहाद्दर’ ही आपल्याकडे एक शिवीच होती. सही न येणाऱ्याने शाईत अंगठा बुडवावा आणि साक्षर मंडळींनी गालातल्या गालात हसावे, असा रिवाज होता. आज निवृत्त हेडमास्तरांनाही आपण आपणच आहोत हे पटवायला अंगठाच पुढे करावा लागतो. या व्यवहाराचा मुहूर्तही खानदेशातच झाला. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले ते टेंभली गावात. हे गाव नंदुरबार जिल्ह्यातले, आणि तो जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता.

शाईचा अंगठा मात्र कोणी परत पाठवीत नसे. यंत्र पाठवते. जन्मभर निंदणी करून, कापूस वेचून ज्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, नेमकी तीच बोटे त्याला ओळखू येत नाहीत. जो अधिक राबला त्याची ओळख अधिक पुसट! पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून यंत्रावर देता येतो, २०२१ पासून चेहरा दाखवूनही चालतो. सोय खरीच आहे. तिला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण अंगठा जुळला नाही, मोबाइलवरची अक्षरे दिसली नाहीत, की दुसऱ्याचा हात लागतो.

आता, दुसऱ्याचा हात लागण्यात कमीपणा आहे काय? मला तसे वाटत नाही. असोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरून घेतली, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने मराठीला मिळाली. मात्र तेथे लेखणी आईच्या शब्दामागून चालत होती.

आजीचा मोबाइल नातवाच्या हातात असतो, तेव्हा कोण कोणामागून चालते? कनवटीला चार रुपये बाळगणारी आजी कोणाला हिशेब देत नसे. त्यांतूनच माहेरी आलेल्या लेकीच्या हाती गुपचूप काही पडे. आता तिचा पिन साऱ्या घराला पाठ असतो, तिला तेवढा नसतो. नातू लबाड नसतो. गुणीच असतो, फक्त घाईत असतो. “राहू दे आजी, मी करतो ना,” म्हणतो, आणि त्या प्रेमळ वाक्यासरशी तिचा देण्याघेण्याचा अधिकार तिच्या हातून जातो. तेच बटण चारदा दाखवायला त्याला सवड नसते. त्याचे ‘ग म भ न’ तिने किती वेळा गिरवून घेतले होते, याची मोजदाद अर्थात कोणी ठेवलेली नाही.

भाऊबिजेची ओवाळणीही हल्ली फोनवरच येते. यंदा भावाने काय घातले, हे आजीला आधी कळेल की नातवाला?